सोयाबीन आणि सिलिकॉन : खत की कवच?

गेल्या काही खरीप हंगामांत बेळगाव जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकांच्या बोलण्यात 'सिलिकॉन' हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर तो रंगविलेला दिसतो, बाटल्यांवर छापलेला दिसतो आणि 'सिलिकॉन मारले की तांबेरा येत नाही' असे ठाम विधानही गावोगावी ऐकू येते. या विधानात तथ्य किती आणि विक्रेत्याचा उत्साह किती, हे शेतकरी बांधवांपुढे स्पष्टपणे मांडावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखक शेतीशास्त्राचा नव्हे, साहित्याचा पदवीधर आहे. त्यामुळे जे लिहिले ते जाणकारांना दहा वेळा विचारून, समजून घेऊन लिहिले आहे. आणि जेथे लेखकाची समजूत चुकली होती, तेथे तसे कबूलही केले आहे.

विषयाला निमित्त घडले ते खानापूर तालुक्यातील एका ग्रामसभेचे. प्रसिद्धीविषयक कामासाठी तेथे गेलो असता एक वयोवृद्ध शेतकरी रिकामी बाटली घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, एवढे पैसे घालून ही मारली. तांबेऱ्याचे औषध त्यामुळे घेतले नाही. पाने शेवटी करपलीच. मग यात होते तरी काय?"

"आबा, मला आज सांगता येणार नाही, पण विचारून सांगतो," एवढेच उत्तर त्या वेळी देता आले. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग होय.

सिलिकॉन म्हणजे काय?

पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल विपुल असलेले मूलद्रव्य म्हणजे सिलिकॉन. वजनाने पाहता कवचाचा सुमारे 28 टक्के भाग त्याचाच आहे. नदीकाठची वाळू, खिडकीची काच, शेतातील गारगोटी आणि काळी चिकण माती, या सर्वांच्या घडणीत सिलिकॉन आहे. मग जे पायाखाली पसरलेले आहे ते विकत का घ्यावे, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि तो रास्तच आहे.

उत्तर विद्राव्यतेत आहे. वनस्पती वाळू खात नाही. पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल तेवढे तिच्या मुळांना घेता येते. गारगोटीच्या स्वरूपातील सिलिका पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एका लिटरमध्ये सुमारे 10 मिलिग्रॅम, तेही फार सावकाश. याउलट जिच्या कणांची स्फटिकी बांधणी झालेली नाही, अशी सिलिका लिटरला 100 मिलिग्रॅमहून अधिक विरघळू शकते. भाताच्या तुसाची राख, गवताच्या पात्यांतील सूक्ष्म खडे यांतील सिलिका या दुसऱ्या प्रकारची असते. म्हणजे शेतात वाळू किती आहे याला महत्त्व नाही. मातीच्या ओलाव्यात सिलिसिक आम्ल किती उतरते, याला आहे.

मुळांनी घेतलेले हे आम्ल पाण्याच्या प्रवाहाबरोबर खोडातून पानांत चढते. पानांतून पाण्याची वाफ होते, आम्ल मागे राहून घट्ट होते आणि अखेरीस पेशींच्या भिंतींजवळ काचेसारख्या कणांच्या रूपाने कायमचे बसते. भाताचे पाते हाताला कापते ते याच कणांमुळे. एकदा बसलेला कण पुन्हा विरघळून कोवळ्या पानाकडे जात नाही. नत्राची गोष्ट वेगळी आहे. नत्र जुन्या पानातून नव्या पानात जाते, म्हणूनच खालची पाने आधी पिवळी पडतात. सिलिकॉनचा पुरवठा मात्र मुळांवाटे सतत चालू राहावा लागतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बाटलीचा हिशेब करताना ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

अन्नद्रव्य म्हणावे काय?

शाळेच्या पुस्तकात वनस्पतींच्या आवश्यक अन्नद्रव्यांची यादी असते. तीत सिलिकॉन नाही. एखादे द्रव्य आवश्यक केव्हा मानावे याची कसोटी आर्नन आणि स्टाऊट या शास्त्रज्ञांनी 1939 मध्ये घालून दिली. ते द्रव्य नसेल तर वनस्पतीचे जीवनचक्रच पूर्ण होऊ नये, असा तिचा मुख्य आशय. या कसोटीला सिलिकॉन बहुतेक पिकांत उतरत नाही. सिलिकॉनवाचूनही सोयाबीन उगवते, फुलते आणि शेंगा धरते. तथापि ही कसोटी सिलिकॉनला लावणेही सोपे नाही, कारण काचेच्या भांड्यात, साध्या पाण्यात, हवेतील धुळीत, सर्वत्र तो असतोच. पूर्णपणे सिलिकॉनरहित प्रयोग करणे महाकठीण. म्हणून अलीकडे त्याला 'उपकारक द्रव्य' असे नाव देण्यात येते. अमेरिकेतील खत नियंत्रकांच्या संघटनेने 2012 मध्ये अशी मान्यता दिली. जपानने तर भातासाठी सिलिकेट खताला 1955 मध्येच मान्यता दिली होती. पण ते भातासाठी, हे विसरू नये.

भात आणि सोयाबीन यांत येथे मोठेच अंतर आहे. भाताच्या पेंढ्यात कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका आढळते. हेक्टरी 5 टन धान्य देणारे भाताचे पीक जमिनीतून 230 ते 470 किलो सिलिकॉन उचलते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी दिला आहे. नत्राहूनही तो अधिक आहे. सोयाबीन सिलिकॉन घेते, पण हात आखडून घेते. तेव्हा भातावरचे निष्कर्ष जसेच्या तसे सोयाबीनला लावणारी जाहिरात वाचताना शेतकऱ्याने सावध असावे.

सोयाबीनवर काय आढळले?

जपानमधील मियाके आणि ताकाहाशी यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील जुन्या प्रयोगांपैकी एक होय. मातीऐवजी पोषक द्रावणात त्यांनी सोयाबीन वाढविले. काही रोपांना सिलिकॉन दिले, काहींना दिले नाही. ज्यांना दिले नाही त्यांची फुलोऱ्याच्या सुमाराची नवी पाने वेडीवाकडी झाली आणि परागांची फलनशक्ती घटली. पुढे काकडीवरच्या अशाच प्रयोगांसंबंधी इतर शास्त्रज्ञांनी शंका काढली की द्रावणात स्फुरद जास्त आणि जस्त अपुरे पडले असेल, तर पानांची ती विकृती सिलिकॉनच्या अभावाचीच असे कसे म्हणावे? शंका वाजवी होती. सिलिकॉनचा उपयोग स्वतः अन्न म्हणून कमी आणि इतर द्रव्यांचा तोल सांभाळण्यासाठी अधिक होत असावा, असे मत त्यातून पुढे आले.

त्यानंतर पाण्याचा ताण, जमिनीतील क्षार, दाट सावली अशा अडचणींत सोयाबीनला सिलिकॉन देऊन पाहण्याचे प्रयोग कोरिया, चीन आदी देशांत झाले. चीनच्या सिचुआन प्रांतात मक्याच्या ओळींमध्ये सोयाबीन घेतात. मक्याच्या सावलीत सोयाबीन उंच, लेचेपेचे होऊन लोळते; तेथे सिलिकॉनमुळे खोड बळकट होऊन लोळणे कमी झाल्याचे आढळले. या सर्व प्रयोगांतून एक समान सूत्र दिसते. रोप सुखात असता सिलिकॉनचा लाभ अल्प, कित्येकदा नगण्य. रोप अडचणीत असता लाभ दिसण्याजोगा. पण यांतील पुष्कळसे प्रयोग कुंडीत किंवा काचघरात झाले आहेत, आणि कुंडीतून शिवारापर्यंतचा रस्ता बराच लांब असतो.

आता तांबेऱ्याकडे वळू, कारण आपल्या भागाचे खरे दुखणे तेच आहे. कृष्णेच्या खोऱ्यात, आपल्याच जिल्ह्यातील उगार खुर्दच्या परिसरात, 1994 च्या सुमारास सोयाबीनवर तांबेऱ्याची मोठी साथ आली. तेव्हापासून बेळगाव, धारवाड, कोल्हापूर आणि सांगली हा पट्टा या रोगाचे ठाणे बनला आहे. श्रावण-भाद्रपदात ढगाळ, थंडगार हवा आणि पानांवर तासन् तास टिकणारा ओलावा मिळाला की पानांच्या खालच्या बाजूस तपकिरी पुटकुळ्या उठतात, पाने अकाली गळतात आणि शेंगांतील दाणे बारीक राहतात. या बुरशीचे वैशिष्ट्य असे की तांबेऱ्याच्या इतर अनेक जाती पानांच्या छिद्रांतून आत शिरतात, तर ही पानाची त्वचाच थेट भेदते. यावरून पानात काचेचे कण असतील तर बुरशीला भिंत आडवी येईल, असा तर्क सुचतो. तो मनाला पटतोही. परंतु आजचे संशोधन सांगते की भिंत हे पूर्ण उत्तर नव्हे. सिलिकॉन असलेले रोप रोगाची चाहूल लागताच आपली अंतर्गत संरक्षणद्रव्ये अधिक त्वरेने तयार करते, हा त्याचा मोठा उपयोग असावा.

अमेरिकेतील फ्लोरिडा येथील संशोधकांनी 2011 मध्ये काचघरात आणि शेतात केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिलिकॉनमुळे तांबेऱ्याची तीव्रता कमी झाली. परंतु रोग थांबला नाही. पुढल्याच वर्षी, 2012 मध्ये, कॅनडातील संशोधकांनी अधिक महत्त्वाची गोष्ट दाखविली. 'हिकमोक सोरिप' हे कोरियातील एक जुने देशी वाण मुळांवाटे सिलिकॉन भरपूर उचलते, आणि सिलिकॉन मिळाल्यावर त्याच्यावर तांबेऱ्याची लक्षणे जवळजवळ दिसली नाहीत. जे वाण सिलिकॉन कमी उचलते, त्याला तोच पुरवठा करूनही तसा लाभ झाला नाही. सोयाबीनच्या मुळांत सिलिकॉन आत घेणारी दोन द्वारे असल्याचे 2013 मध्ये निश्चित झाले. भातातील तशाच द्वाराचा शोध जपानमध्ये 2006 साली लागला होता.

या संशोधनाचा शेतकऱ्यासाठी अर्थ सरळ आहे. सिलिकॉनचा गुण पिशवीत जितका असतो, तितकाच तो बियाण्यातही असतो. द्वार अरुंद असेल तर दाराशी कितीही माल आणून टाकला तरी आत थोडाच जाणार.

मातीप्रमाणे फरक

आपला जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेल्यास दोन निराळ्या भूमी लागतात. खानापूरच्या बाजूस सह्याद्रीलगत मुसळधार पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती. बैलहोंगल, गोकाककडे कमी पाऊस आणि काळी माती. जांभा कसा तयार होतो? लाखो वर्षांच्या पावसाने खडकातील सिलिका धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरले, म्हणजे जांभा झाला. कोकण आणि गोव्याची जांभ्याची भूमी हीच. अशा आम्लधर्मी जमिनीत विद्राव्य सिलिकॉन कमी असण्याची शक्यता अधिक. काळ्या मातीतील चिकण कण मात्र सिलिकाने समृद्ध असतात आणि ओलाव्यात ते आपले सिलिसिक आम्ल हळूहळू सोडत राहतात. म्हणून सिलिकॉन खताचा परिणाम दिसायचाच तर तो आधी खानापूरच्या तांबड्या शिवारात दिसेल. बैलहोंगलच्या काळ्या रानात तो दिसेलच, अशी हमी नाही.

येथे एक पेच आहे आणि जाणकारही त्यात फसतात. कारखान्याच्या भट्टीतील कॅल्शियम सिलिकेटची मळी सिलिकॉन खत म्हणून वापरली जाते. तिच्यात चुन्याचा गुण असतो. आम्ल जमिनीत ती घातली की आम्लता उतरते, स्फुरद मोकळा होतो, मुळांवरील गाठींतील जीवाणूंना बरे दिवस येतात आणि सोयाबीन तरारते. हा उपकार सिलिकॉनचा की चुन्याचा? शेजारच्या पट्ट्यात तेवढाच चुना घालून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर अशी मळी घालण्याचे काही प्रयोजनच उरत नाही. शिवाय भट्टीच्या मळीत जड धातू असू शकतात. तपासणीच्या दाखल्याशिवाय ती शेतात आणू नये.

मृदा आरोग्य पत्रिकेत सिलिकॉनचा रकाना शोधणाऱ्यांसाठी खुलासा असा की तो तेथे नाही. त्या पत्रिकेत बारा गोष्टी मोजल्या जातात, आणि सोयाबीनच्या दृष्टीने गंधक, जस्त, स्फुरद व सामू हे त्यांतील रकाने आधी वाचावेत. गंधक कमी असताना सिलिकॉनवर पैसे घालणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग काढणे होय.

बाटलीचा हिशेब

आबांच्या प्रश्नाकडे आता येऊ. समजा, बाटलीवर 'सिलिसिक आम्ल 2 टक्के' असे लिहिले आहे आणि एकरी 400 मिलिलिटर फवारायचे आहे. 400 चे 2 टक्के म्हणजे 8 ग्रॅम आम्ल. या आम्लाच्या वजनात सिलिकॉन सुमारे 29 टक्के असतो. म्हणजे एका एकराला सिलिकॉन मिळाला सव्वादोन ते अडीच ग्रॅम. चहाच्या चमच्यात मावेल एवढा! हा हिशेब आपण स्वतः कागदावर करून पाहावा; लेखकाला तो तीनदा करावा लागला, कारण प्रथम विश्वासच बसेना.

याचा अर्थ अशा फवारणीचा परिणाम होतच नाही असा नव्हे. काही पिकांत अल्प मात्रेच्या फवारणीचे अनुकूल परिणाम नोंदले गेले आहेत. परंतु तो परिणाम रोपाला चेतना मिळाल्याचा असेल, भूक भागल्याचा नव्हे. पानावर पडलेला सिलिकॉन बव्हंशी त्याच पानावर राहतो; नंतर फुटणाऱ्या पानाला त्यातून काही मिळत नाही. आबांनी फवारणी केली त्यानंतर आलेली पाने उघडीच होती. आणि सिलिकॉनच्या भरवशावर बुरशीनाशक टाळले, ही खरी हानी झाली. पोटॅशियम सिलिकेटच्या बाबतीत आणखी एक सूचना : ते तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून इतर औषधांत ते मिसळू नये.

राखेचा हिशेब

आता दुसरा हिशेब. एक क्विंटल भात गिरणीत घातला की सुमारे 20 किलो तूस निघते आणि तूस जाळले की त्याची सुमारे 4 किलो राख होते. त्या राखेचा 85 ते 95 टक्के भाग सिलिका असतो. एक क्विंटल राखेत, म्हणजे, 40 किलोच्या आसपास सिलिकॉन आहे. तो सगळा एका हंगामात विरघळत नाही. किती विरघळेल ते राख कशी झाली यावर अवलंबून असते. मंद आचेवर जळालेली काळसर-करडी राख चांगली. प्रखर भट्टीतून आलेल्या पांढऱ्या राखेतील सिलिका स्फटिकी होऊन गारगोटीच्या वळणावर जाते. खानापूरच्या भातगिरण्यांमागे या राखेचे ढीग दिसतात. कृष्णाकाठी साखर कारखान्यांची बगॅसची राखही याच जातीची. दोन्ही राखा फार बारीक असतात; पसरताना नाकातोंडाला ओले फडके बांधावे आणि वारा पडलेला असताना, पेरणीआधी, कुळवाच्या पाळीबरोबर मातीत मिसळावी.

भाताची पिंजर आणि गव्हाचे काड यांविषयी लेखकाचा असा समज होता की काड शेतात पेटविले की सिलिकॉनही जळून जातो. एका मृदाशास्त्रज्ञांनी तो हसून दुरुस्त केला. सिलिकॉन जळत नाही. तो राखेत राहतो. जळतात ते नत्र, गंधक आणि सेंद्रिय कर्ब, आणि राखेचा काही भाग वाऱ्यावर जातो. तेव्हा काड जाळू नये हा सल्ला योग्यच आहे, पण त्याचे कारण निराळे. गोठ्यात अंथरलेली पिंजर शेणखतातून शेतात परत आली तर कर्ब आणि सिलिकॉन दोन्ही परत आले. आपल्या पूर्वजांच्या उकिरड्याला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण काम तेच चालले होते.

प्रत्यक्ष पाहण्याची रीत

कोणाच्याही सांगण्यावर, या लेखाच्याही सांगण्यावर, सबंध रान सिलिकॉनखाली घालू नये. एकाच जातीच्या मातीत, एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले सहा पट्टे आखावेत. एकाआड एक अशा तीन पट्ट्यांत राख किंवा सिलिकेट खत द्यावे, तिहींत देऊ नये. शिफारशीतील रासायनिक खत, जीवाणूसंवर्धकाची बीजप्रक्रिया आणि बुरशीनाशकाची फवारणी सहाही पट्ट्यांत सारखीच असावी. आम्ल जमिनीत जमल्यास आणखी दोन पट्टे केवळ चुन्याचे ठेवावेत. बांधालगतचे पट्टे मोजणीत घेऊ नयेत. तांबेरा प्रथम कोणत्या पट्ट्यात आणि कोणत्या तारखेला दिसला, किती पाने गळली, पीक लोळले काय, याची नोंद वहीत करावी. मळणी पट्टावार करून दाणे वजन करावेत. तीन-तीन पट्टे घेण्याचे कारण एवढेच की एका पट्ट्याचे नशीब चांगले असू शकते, तिहींचे एकदम असणे कठीण.

वाण निवडताना तांबेऱ्याला तोंड देणारे घ्यावे. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे डीएसबी 21 हे वाण याच रोगासाठी निवडून काढलेले आहे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राचे फुले संगम हेही या पट्ट्यात परिचित आहे. श्रावणापासून दर चार दिवसांनी पाने उलटून पाहावीत आणि पहिले ठिपके दिसताच खात्याच्या चालू शिफारशीप्रमाणे हेक्झाकोनॅझोलसारखे बुरशीनाशक फवारावे. सिलिकॉन दिलेले असो वा नसो, हा क्रम चुकवू नये.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक छोटा प्रयोग सुचवावासा वाटतो. भाताचे मूठभर तूस आणि सोयाबीनचा तेवढाच वाळलेला पाला वजन करून दोन निरनिराळ्या पत्र्यांवर विद्यार्थ्यांसमोर, सुरक्षित अंतर राखून, पूर्ण जाळावा आणि उरलेली राख तराजूत घालावी. तुसाची राख मूळ तुसाचा आकार जवळजवळ तसाच धरून राहते. पाल्याची राख बोट लावताच कोसळते. दोन पिकांतील फरक मुलांना फळ्यावरील आकड्यांपेक्षा त्या दोन ढिगांवरून लवकर कळेल.

पट्ट्यांचा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी मृगापूर्वी आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीचा अहवाल घेऊन जावे, राखेची अथवा खताची मात्रा तेथून ठरवून घ्यावी आणि सुगीनंतर वहीतील नोंदी, त्या प्रतिकूल असल्या तरीही, तेथे आणून द्याव्यात. खानापूरच्या आबांनी यंदा आपल्या अर्ध्या एकरात सहा पट्टे आखण्याचे ठरविले आहे.